अभिजात मोटारींचे मूळ आणि प्रतिनिर्मित पत्रे : ‘अस्सल’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

जुनी मोटार पाहावयास आलेला जाणकार ग्राहक प्रथम इंजिनाचा आवाज ऐकतो आणि नंतर बोटाच्या पेराने पत्रा वाजवून पाहतो. इंजिनाचा प्रश्न बहुधा पैशाने सुटतो. पत्र्याचा प्रश्न तसा सुटत नाही. इंजिनाची कितीही दुरुस्ती झाली तरी त्यावर ठोकलेला क्रमांक कायम राहतो. परंतु गंजलेला मडगार्ड, दरवाजा किंवा तळाचा पत्रा काढून दुसरा बसविला की ती मोटार पूर्वीचीच राहिली काय, अशी शंका घेतली जाते. अभिजात क्रीडामोटारींच्या संग्राहकांमध्ये हा वाद अनेक दशकांपासून चालू आहे. भारतात मात्र १५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केल्यापासून या वादाला कायदेशीर स्वरूप प्राप्त झाले आहे. प्रस्तुत लेखात मूळ व प्रतिनिर्मित (म्हणजे मूळ उत्पादन थांबल्यानंतर नमुन्यावरून नव्याने घडविलेले) पत्रे यांतील भेद कशाच्या आधारे करावा आणि तो भेद भारतीय परिस्थितीत कितपत लागू पडतो, याचा विचार केला आहे.

वाशिम जिल्ह्यातील एका अध्यापकाने जग्वार, बेंटले आणि फेरारी या मोटारींविषयी लिहावे, याचे कारण सांगणे आवश्यक आहे. जऊळका रेल्वे येथे आमच्या मामांकडे १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. ती क्रीडामोटार नव्हे, हे उघड आहे. परंतु पन्नास वर्षे पूर्ण झाल्यामुळे तिची नव्या नियमांखाली नोंदणी करावी असे घरात ठरले, तेव्हा तिच्या डाव्या दरवाजावरून जो प्रश्न निर्माण झाला, त्याचे उत्तर शोधताना क्रीडामोटारींविषयीचे लेखनच उपयोगी पडले. कारण या प्रश्नाचा सर्वाधिक खोल विचार त्या क्षेत्रात झालेला आहे.

‘मूळ’ शब्दाचे अनेक अर्थ

आपल्याकडील गॅरेजमध्ये सुट्या भागांसाठी ‘कंपनीचा’, ‘लोकल’ आणि ‘भंगारातला’ असे तीन शब्द प्रचलित आहेत. वरवर पाहता हे व्यवहारी शब्द वाटतात, परंतु इंग्रजीतील ‘ओरिजिनल’ आणि ‘रिप्रॉडक्शन’ या जोडीपेक्षा ते अधिक नेमके आहेत. भंगारातला दरवाजा कारखान्यातच तयार झालेला असतो. पण तो या मोटारीचा नसतो. कंपनीच्या जुन्या साठ्यातील न वापरलेला दरवाजा कारखान्याचा असतो, नवा असतो. परंतु तोही या मोटारीबरोबर बाहेर पडलेला नसतो. म्हणजे ‘मूळ’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत : भाग मूळ कारखान्याचा असणे आणि भाग मूळ त्या विशिष्ट मोटारीचा असणे.

काही उत्पादकांनी हा दुसरा अर्थ धातूवरच कोरून ठेवला. जर्मनीच्या पोर्श ३५६ या क्रीडामोटारीचे दरवाजे, पुढील व मागील झाकणे प्रत्येक गाडीला हाताने जुळवून बसविली जात असत. त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर आतील बाजूस चासी क्रमांकाचे शेवटचे अंक ठोकले जात. हेतू केवळ कारखान्यातील सोयीचा होता. आज मात्र त्या अंकांवरून दरवाजा त्याच गाडीचा आहे की नाही, हे निर्विवादपणे सांगता येते. दुसऱ्या महायुद्धातील जीपबाबत याच्या उलट प्रकार आढळतो. विलिस कंपनीच्या आराखड्यावरून फोर्डने ज्या जीप बांधल्या, त्यांच्या असंख्य भागांवर फोर्डने ‘एफ’ हे अक्षर उमटविले. हे अक्षर कारखाना सांगते, गाडी सांगत नाही.

पत्रा कसा ओळखावा

जुन्या पत्र्याची परीक्षा हे बरेचसे हाताचे व डोळ्याचे शास्त्र आहे. कारखान्यात दोन पत्रे विद्युत ठिपका-जोडणीने जोडले जातात. त्या जोडावर ठराविक अंतराने गोल, उथळ खळगे दिसतात. गॅरेजमध्ये पत्रा बदलताना गॅस किंवा विद्युत वेल्डिंगची सलग रेषा येते आणि ती घासून गुळगुळीत केलेली असते. त्यामुळे रंगाच्या बाहेरील चकाकीपेक्षा दरवाजाच्या चौकटीची आतली कड, बोनेटखालील कोपरे आणि डिकीच्या तळाची किनार अधिक बोलकी असते. दुसरी खूण म्हणजे घड्या व उठावरेषा. कारखान्यातील पोलादी साचा शेकडो टनांच्या दाबाने पत्र्यावर तीक्ष्ण रेषा उमटवितो. कमी खर्चाच्या साच्यातून निघालेल्या प्रतिनिर्मित पत्र्यावर हीच रेषा किंचित बोथट, गोलसर येते. तिसरी खूण पाणी निचऱ्याच्या छिद्रांची. नमुन्यावरून काम करणारा कारागीर दर्शनी आकार अचूक साधतो. खालची छिद्रे मात्र पुष्कळदा विसरतो. मग पाणी आत साचून नवा पत्राच जुन्यापेक्षा आधी गंजतो.

पत्र्यावर भरलेली पुट्टी लोहचुंबकाने सहज उघडी पडते. चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरविला असता जेथे पकड सुटते, तेथे धातू खोल गेलेला आहे असे समजावे. रंगाची जाडी मोजणारे उपकरण असल्यास अधिक चांगले. रंगाचे थर मायक्रॉनच्या शेकड्यांत असतात, पुट्टी हजारांत जाते. मात्र प्रत्येक भराव हा लबाडीचा पुरावा नव्हे. प्लॅस्टिक पुट्टी प्रचारात येण्यापूर्वी मोठमोठ्या कारखान्यांतही पत्र्यांचे सांधे शिसे व कथील यांच्या मिश्रधातूने भरून कानशीने घासून घेतले जात. तेथे भराव हाच मूळ असतो!

आमच्या फियाटबाबत हीच परीक्षा उशिरा झाली. डावा दरवाजा खालून गंजला म्हणून मामांनी तो काही वर्षांपूर्वी बदलून घेतला होता. ‘कंपनीच्या जुन्या साठ्यातला, न वापरलेला’ असे सांगून तो देण्यात आला होता व किंमतही तशीच घेण्यात आली होती. नोंदणीच्या तयारीत चुंबक फिरविला तेव्हा खालच्या चार बोटांत तो कुठेच धरला नाही. आतील अस्तर काढल्यावर काळ्या-पिवळ्या रंगाचे थर दिसले. दरवाजा एखाद्या टॅक्सीचा, म्हणजे भंगारातला होता. गंमत अशी की, फसवणूक झाली हे खरे असले तरी कुर्ल्याच्या कारखान्याचा म्हणून तो मूळच होता. मामांना हा युक्तिवाद अर्थातच पटला नाही.

साचा तोच, पत्रा नवा

मूळ व प्रतिनिर्मित यांमधील रेषा सर्वाधिक धूसर होते ती साच्यांच्या बाबतीत. ब्रिटनची एमजीबी ही खुली क्रीडामोटार १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. तिला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे. त्यामुळे दरवाजाखालील पोकळ तुळया गंजल्या की मोटार अक्षरशः मध्येच वाकते. उत्पादन बंद झाल्यानंतर आठ वर्षांनी, १९८८ मध्ये, ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने शिल्लक राहिलेले मूळ साचे गोळा करून एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे बाजारात आणले. साचा तोच, आराखडा तोच. काळ व कारखाना तेवढा वेगळा. अशा सांगाड्याला प्रतिनिर्मित म्हणावे काय? काटेकोर अर्थाने होय. परंतु अंदाजाने ठोकून केलेल्या मडगार्डाबरोबर त्याला एकाच रकान्यात बसविणे हे वर्गीकरणाचे दारिद्र्य ठरेल.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून रंजक आहे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ला येथे फियाटच्या परवान्याखाली प्रथम जुळणी आणि पुढे उत्पादन केले. १९६४ पासून ११०० डिलाइट, १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावांनी जवळजवळ एकच बॉडी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. इटलीत हा नमुना १९६० च्या दशकातच बंद झाला होता. म्हणजे इटलीतील संग्राहकाच्या दृष्टीने कुर्ल्यात १९९० मध्ये दाबलेला पत्रा हा परवान्याखालील उशिरा निघालेला भाग. आपल्या दृष्टीने मात्र तो निखळ ‘कंपनीचा’. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अगदी सुरुवातीच्या ११०० गाड्यांचे पुढील दरवाजे मागील बाजूस बिजागर असलेले, म्हणजे उलट उघडणारे होते. नंतरच्या गाड्यांत बिजागर पुढे आले. नाव तेच असले तरी दरवाजा तोच नसतो.

ब्रिटनमधील जग्वार ई-टाइपच्या संग्राहकांना असे सूक्ष्म भेद तोंडपाठ असतात. १९६१ च्या पहिल्या काही शे गाड्यांच्या बोनेटवरील हवेच्या झडपा वेगळ्या पत्र्यात करून जोडलेल्या होत्या व बोनेटची कुलपे बाहेरून होती. पुढे झडपा बोनेटच्याच पत्र्यात दाबल्या जाऊ लागल्या. पहिल्या तुकडीतील गाडीला नंतरचे बोनेट लावले तर भाग शंभर टक्के जग्वारचा असतो, गाडी मात्र चुकीची ठरते. उलट, कुशल कारागिराने जुन्या पद्धतीने घडविलेले नवे बोनेट ऐतिहासिकदृष्ट्या अधिक बरोबर दिसेल. अस्सलपणा आणि अचूकता या दोन गोष्टी येथे एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात, आणि यांपैकी कोणती निवडावी याचे सार्वत्रिक उत्तर नाही, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे.

हाताने घडविलेला पत्रा

जेथे साचाच नव्हता, तेथे काय? इटलीतील फेरारी २५० जीटीओ ही १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ संख्येने बांधलेली शर्यतीची मोटार. तिच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या स्कालिएत्ती यांच्या कार्यशाळेत हातोड्याने घडविल्या गेल्या. त्यामुळे कोणत्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत. मापात फरक आहे म्हणून येथे पत्रा खोटा ठरविता येत नाही. इतकी हस्तनिर्मित असूनही, किंवा कदाचित म्हणूनच, २०१९ मध्ये बोलोन्या येथील न्यायालयाने या मोटारीच्या रूपाला कलाकृतीचे संरक्षण देऊन तिच्या प्रतिकृतींना प्रतिबंध केला.

आपल्याकडील डेंटरचे काम याच परंपरेतील आहे, हे मान्य करावयास आपण कचरतो. स्वातंत्र्यानंतर अनेक दशके मोटारींच्या व सुट्या भागांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी मोटारीचा मडगार्ड चेपला तर नवा मागविणे जवळजवळ अशक्य होते. परिणामी मुंबई-पुण्यापासून अकोल्यापर्यंत डॉली व हातोडा घेऊन सपाट पत्र्यातून मडगार्ड उभा करणारे कारागीर तयार झाले. पत्रा ठोकताना ताणला जातो. तो ताण काढण्यासाठी तापवून, ओले फडके लावून आकसवावा लागतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नाही. परदेशांत ‘प्रतिनिर्मित’ म्हणजे दुसऱ्या कारखान्याने संख्येने काढलेला माल. आपल्याकडे बहुतांश वेळा तो एकाच गाडीसाठी, एकाच माणसाने, एकदाच केलेला असतो. परदेशी वर्गीकरणात अशा पत्र्यासाठी पुरेशी जागा नाही. चाळीस वर्षांपूर्वी अकोल्यात घडविलेला मडगार्ड आज त्या मोटारीच्या इतिहासाचा भाग आहे. तो काढून परदेशातून आणलेला चकचकीत मडगार्ड लावणे म्हणजे एक प्रत टाकून दुसरी प्रत स्वीकारणे होय.

कारागिरीचे कौतुक करताना तिचे दोषही सांगितले पाहिजेत. हाताने केलेला पत्रा पुष्कळदा मूळापेक्षा जाड असतो, डाख व पितळी जोड गंजाला निमंत्रण देतात आणि आतील बाजूला रंग लावण्याचा कंटाळा सार्वत्रिक आहे. याउलट आजच्या चांगल्या प्रतिनिर्मित पत्र्यावर विद्युतप्रक्रियेने प्राथमिक रंगाचा थर चढविलेला असतो. असा थर १९५०-६० च्या बहुतेक मूळ पत्र्यांच्या नशिबी नव्हता. रोज चालवावयाच्या गाडीला प्रतिनिर्मित पत्रा कधी कधी अधिक हितकारक असतो.

फायबरग्लासच्या क्रीडामोटारींत हा प्रश्न आणखी वेगळे रूप घेतो. अमेरिकेतील १९५३ ची कॉर्व्हेट (त्या वर्षी केवळ ३०० गाड्या झाल्या) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आपल्या शेजारी, गोव्यात, सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन आसनी खुली मोटार बाजारात आणली. तिला रेनोचे ११४९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी होती. फायबरग्लास गंजत नाही, ते तडकते. तडकलेला भाग काचतंतू व रेझिनने जोडता येतो, आणि शाबूत भागावरून कोणालाही नवा साचा घेता येतो. अशा गाडीत मूळ भाग व त्याची प्रत यांत फरक उरतो तो मुख्यतः तंतूंच्या थरांचा आणि जाडीचा. या गाड्या फार थोड्या असल्याने त्यांचे मूळ भाग आताच जपले पाहिजेत.

न्यायालय, नियम आणि नागसेन

किती पत्रे बदलले म्हणजे मोटार तीच राहत नाही, हा प्रश्न १९९० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात गेला. १९२९ व १९३० अशी दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकणारी बेंटले स्पीड सिक्स ‘ओल्ड नंबर वन’ प्रचंड किमतीस विकली गेली. परंतु खरेदीदाराने ही मूळ गाडी नव्हेच, असे म्हणून व्यवहार नाकारला. पुराव्यात असे निघाले की शर्यतींच्या काळात व नंतर तिची बॉडी, चासी व इंजिन यांत इतके बदल झाले होते की १९२९ मधील फारच थोडे भाग उरले होते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. ती शब्दशः ‘मूळ’ नसली तरी तिचे अस्तित्व अखंड चालत आले आहे, तिच्याखेरीज त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नाही, म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

आपल्या वाचकांना येथे ‘मिलिंदप्रश्न’ आठवल्याशिवाय राहणार नाही. भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतात की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय. आणि राजाला प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणावे लागते. रथ हे त्या भागांच्या जुळणीला व्यवहारात दिलेले नाव ठरते. इंग्लंडच्या न्यायालयाने सुमारे दोन हजार वर्षांनंतर त्याच वाटेवरून जावे, हे लक्षणीय आहे.

भारताचा २०२१ चा नियम मात्र नागसेनांच्या बाजूचा नाही. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेले, व्यापारी वापरात नसलेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. परंतु ते मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी फेरदुरुस्ती झालेली नसावी, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. पुढील नोंदणीस ५,००० रुपये लागतात. वाहनाची पात्रता तपासण्यासाठी राज्य समितीची तरतूद आहे, आणि अशी वाहने प्रदर्शन, संशोधन, रॅली यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात.

अटीचा हेतू योग्य आहे. जुन्या नावाखाली नवी गाडी चालू नये. अडचण ‘सांगाडा’ या शब्दात आहे. जीपला किंवा जुन्या बेंटलेला स्वतंत्र चासी असते. तिची संपूर्ण बॉडी उतरविली तरी चासी व तिचा क्रमांक शिल्लक राहतो. फियाट ११०० किंवा एमजीबी यांसारख्या गाड्यांत तळाचा पत्रा बदलणे म्हणजे सांगाड्यालाच हात लावणे. विदर्भातील मालकाने गंजलेल्या तळाला तेवढ्याच मापाचे ठिगळ लावले, तर तो ‘बदल’ की ‘जतन’? आकार बदलत नसेल, जुना धातू शक्य तेवढा राखला असेल, तर ते जतन मानावे, असे आम्हांस वाटते. १९७४ मधील पहिल्या पद्मिनी गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. त्यामुळे असे अर्ज राजेरजवाड्यांच्या मोटारींपुरते मर्यादित राहणार नाहीत. सामान्य कुटुंबांच्या गाड्या आता समितीपुढे येतील. त्याच वेळी कुर्ल्याच्या पत्र्यांचा मोठा साठा असलेल्या मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या आहेत. मूळ भागांची गरज वाढत असताना त्यांचा झरा आटला आहे.

नोंद ठेवण्याची पद्धत

ऐतिहासिक वाहनांच्या ‘फीवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेत याबाबत उपयुक्त मार्ग सुचविला आहे. जे बदलावे लागेल ते बदलावे. परंतु बदललेल्या भागावर सहज नजरेस न येणारी, कायमची खूण असावी आणि कामाची लेखी नोंद ठेवावी. नव्याला जुने म्हणून खपविण्याचा मोहच त्यामुळे संपतो. आपल्या डेंटरांना ही पद्धत अवघड नाही. पत्र्याच्या आतील कडेवर सालाचे चार अंक पंचाने ठोकण्यास दोन मिनिटे पुरतात. कामापूर्वीची छायाचित्रे, काढलेल्या पत्र्याचा तुकडा आणि कारागिराचे नाव एवढे जरी मालकाने जपले, तरी समितीपुढे अंदाजाऐवजी पुरावा ठेवता येईल.

आमच्या फियाटच्या तळाला लावलेल्या ठिगळावर आता असे चार अंक आहेत. टॅक्सीचा दरवाजा अजून गाडीवरच आहे. मूळ डावा दरवाजा भंगारात गेला असे सर्वांनी गृहीत धरले होते. तो जऊळक्याच्या घरामागे सापडला. आजीने त्याच्याखाली पावसाळ्यात सरपण झाकून ठेवले होते. खालची वीतभर कड पूर्ण गेली आहे, पण बिजागराकडील बाजू, आतील घड्या आणि कारखान्याचे ठिपका-जोड शाबूत आहेत. त्याला खालून नवा पट्टा जोडता येईल असे अकोल्याचे डेंटर म्हणतात. पट्ट्यावर साल ठोकून तोच दरवाजा पुन्हा बसवावा आणि त्यानंतरच अर्ज करावा, असे मामांनी ठरविले आहे.